तिने आधी घरी सांगावे म्हणून
वयात येणाऱ्या मुलींच्या पालकांशी थोडे मनमोकळे

जून महिन्यात शाळा सुरू होते, नवा हजेरीपट हाती येतो आणि आम्ही शिक्षक नावे वाचू लागतो. एखाद्या नावाला उत्तर येत नाही. मग बाकावरची मैत्रीण हळूच सांगते, "टीचर, ती आता येणार नाही." आठवीपर्यंत पहिल्या पाचांत असलेली मुलगी नववीत दिसेनाशी होते. दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी अकरावीला प्रवेशच घेत नाही. चौकशी केली तर कुणी फीचे कारण सांगते, कुणी कॉलेज लांब असल्याचे, कुणी आजारी दादीचे. ही कारणे खोटी नसतात. पण पुष्कळदा त्यांच्याआड आणखी एक गोष्ट असते. येता-जाता कुणी छेड काढलेली असते, मोबाईलवर कुणाचा तरी मेसेज आलेला असतो. ते घरी कळते आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीची शाळा बंद होते.

वर्गातल्या बाकीच्या मुली हे सारे पाहत असतात. त्या त्यातून एकच धडा घेतात, की आपल्या बाबतीत असे काही झाले तर घरी सांगायचे नाही. मग त्रास देणाऱ्याचे फावते, कारण मुलगी गप्प बसणार हे त्याला माहीत असते.

म्हणून या लेखात आम्ही अनेक गोष्टी सांगणार असलो, तरी त्या सगळ्यांचे मूळ एकच आहे. मुलीवर काही बेतले तर तिने सर्वांत आधी आपल्या आई-वडिलांना सांगितले पाहिजे, आणि सांगितल्याची शिक्षा आपल्याला होणार नाही याची खात्री तिला आधीपासून असली पाहिजे. हा विश्वास संकटाच्या दिवशी निर्माण होत नाही. तो रोजच्या जगण्यातून, तीन-चार वर्षे आधीपासून तयार करावा लागतो.

मुलीचे म्हणणे ऐकणारा बाप

मुलगी झाल्याची बातमी ऐकून ज्याचा चेहरा काळवंडतो आणि जो लोकांपासून तोंड लपवतो, त्याची निंदा पवित्र कुरआनने सूरह नहलमध्ये केली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे हजरत फातिमा (रजि.) आल्या की ते उठून उभे राहत, त्यांचे स्वागत करत आणि आपल्या जागेवर त्यांना बसवत. हे आपण जलशांतून ऐकतो. पण आपली चौदा वर्षांची मुलगी खोलीत आल्यावर आपण मोबाईलमधून मान तरी वर करतो का?

सूरह कससमधील मदयनच्या दोन बहिणींची हकीकत प्रत्येक बापाने मुलीसोबत बसून वाचावी. वडील वृद्ध होते, म्हणून त्या मुली गुरांना पाणी पाजायला पाणवठ्यावर जात. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबत. हजरत मूसा (अलै.) यांनी त्यांना मदत केली. पुढे त्यांतल्याच एका मुलीने वडिलांना सुचवले की या माणसाला कामावर ठेवा, तो बलवान आहे आणि विश्वासू आहे. वडिलांनी "तुला काय कळते?" असे म्हटले नाही. त्यांनी तिचे ऐकले. कामासाठी घराबाहेर पडणे, हया राखणे आणि वडिलांसमोर आपले मत मांडणे या तिन्ही गोष्टी त्या घरात एकत्र नांदत होत्या.

आपल्याकडे मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की अब्बा दूर होतात. त्यांचे सगळे बोलणे अम्मीमार्फत पोहोचते. नेमक्या याच वयात तिला वडिलांची गरज असते. ट्यूशनहून तिला गाडीवर आणताना होणाऱ्या दहा मिनिटांच्या गप्पाही पुरेशा असतात. त्या वेळी गुण विचारू नका. आज वर्गात काय झाले, कोण हसले, कोणाशी भांडण झाले, हे विचारा. लहान गोष्टी ऐकणाऱ्या बापालाच मुलगी पुढे मोठी गोष्ट सांगते.

पाळीविषयी वेळेआधी बोला

पाळी साधारण दहा ते पंधरा या वयात सुरू होते. म्हणजे मुलगी दहा वर्षांची झाली की आईने बोलायला हवे. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्त पाहून आपल्याला मोठा आजार झाला असे समजून रडणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. आईला संकोच वाटत असेल तर खाला किंवा फुफीने सांगावे, पण सांगावे. धर्माचे ज्ञान मिळवताना लाज आड येऊ दिली नाही, म्हणून अन्सारच्या स्त्रियांची हजरत आयशा (रजि.) यांनी प्रशंसा केली आहे.

शरीरात काय होते, पॅड कसा वापरायचा आणि दर चार-सहा तासांनी का बदलायचा, कापड वापरत असाल तर ते धुऊन उन्हात का वाळवायचे, हे नीट समजावून सांगा. त्यासोबत धर्माचे नियमही सांगा. या दिवसांत नमाज माफ आहे आणि ती नंतर भरून काढायची नसते. रोजे मात्र नंतर पूर्ण करायचे असतात. राहिलेले रोजे वहीत लिहून ठेवायची सवय पहिल्या वर्षापासूनच लावा. पाळी संपल्यावर गुस्ल कसे करायचे तेही दाखवा.

आणि एक गोष्ट तिच्या मनात पक्की रुजवा, की ती या दिवसांत अस्पृश्य होत नाही. हजच्या प्रवासात पाळी आल्याने हजरत आयशा (रजि.) रडू लागल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांची समजूत काढली की ही गोष्ट अल्लाहने आदमच्या लेकींसाठी ठरवलेली आहे. अशा दिवसांत त्यांच्या मांडीवर डोके ठेवून प्रेषित (स.) कुरआन पठण करत, असे हदीसमध्ये आहे.

रमजानमध्ये आमच्या विद्यार्थिनींची एक अडचण असते. रोजा नसतो, पण भाऊ आणि चाचा पाहतील म्हणून त्या दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. सहरीला उठून खोटेच रोजेदार बनतात. अल्लाहने दिलेली सवलत घरातल्या माणसांच्या भीतीने गमवावी लागते. घरातल्या पुरुषांना एवढेच सांगा, की कुणाला "रोजा आहे का?" असे विचारायचे नाही. स्वयंपाकघरात तिचे जेवण झाकून ठेवा. तेवढ्याने तिला कळते, की या घरात आपली अडचण समजून घेतली जाते.

पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त राहिला, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागला किंवा दुखण्यामुळे शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. "लग्न झाले की ठीक होईल" हा उपचार नव्हे.

ताटातली कलेजी कुणाला?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. वर्गात जांभया देणारी, जिना चढताना धापा टाकणारी, पाठांतर लक्षात राहत नाही म्हणून बोलणी खाणारी मुलगी नेहमीच आळशी नसते. तिचे हिमोग्लोबिन एकदा तपासा. १२ च्या खाली असेल तर उपचार हवेत.

आपल्या घरी कलेजी येते, खिमा होतो. पण मुलग्याला दोनदा वाढले जाते आणि मुलीच्या वाट्याला रस्सा येतो. जिला दर महिन्याला रक्त गमवावे लागते, तिलाच लोह जास्त हवे, हा साधा हिशेब आहे. कलेजी, मटण, अंडी, मेथी, शेपू, डाळी, खजूर, गूळ-शेंगदाणे आलटून पालटून द्या. जेवणात लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा द्या. त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र नको. शाळेत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते. ती घे, असे घरूनही सांगा. कधीकधी मळमळते, म्हणून ती रिकाम्या पोटी घेऊ नये.

मोबाईल: नियम सर्वांना सारखे

"मोबाईलने पोरी बिघडल्या" असे म्हणून प्रश्न सुटत नाही. गृहपाठ, परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ती, सारे त्यावरच आहे. नियम जरूर असावेत, पण ते घरातल्या सर्वांना लागू असावेत. रात्री दहानंतर सगळे फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचे, असे ठरले तर भाईजानचा फोनही तिथेच असावा आणि अब्बांचाही. नियम एकट्या मुलीलाच लावला, तर तिला त्यात अविश्वास दिसतो.

तिला चार गोष्टी शिकवा. अकाउंट प्रायव्हेट ठेवायचे. अनोळखी माणसाला फोटो, शाळेचे नाव, पत्ता द्यायचा नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आणि कुणी "हे घरी सांगू नकोस" असे म्हणाले, तर ते हमखास घरी सांगायचे.

तिच्या पाठीमागे फोन तपासू नका. सूरह हुजुरातमध्ये संशय घेणे, पाळत ठेवणे आणि पाठीमागे निंदा करणे या तिन्ही गोष्टींपासून रोखले आहे. देखरेख करायची तर उघडपणे करा. "अमुक वर्षांपर्यंत पासवर्ड अम्मीला माहीत असेल" हे सुरुवातीलाच ठरवा. चोरून तपासले की मुलगी दुसरे अकाउंट उघडायला शिकते.

तिने सांगितले, आता काय करायचे?

समजा एके दिवशी मुलगी रडत येऊन सांगते, की रोज एक मुलगा मागे येतो, किंवा कुणी फोटो पसरवण्याची धमकी देतोय. त्या पहिल्या पाच मिनिटांत आपण जे बोलतो, त्यावर पुढचे सारे ठरते.

पहिले वाक्य असे असावे: "सांगितलेस ते बरे केलेस." "तूच काहीतरी केले असशील" किंवा "त्या रस्त्याने गेलीसच का?" हे प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. ते एकदा निघाले की मुलगी पुन्हा काही सांगत नाही. तिचे पूर्ण ऐकून घ्या. तिच्याकडून चूक झालेली असली, तरी त्यावर बोलायला पुढे वेळ आहे.

मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि तारीख लिहून ठेवा, मग ब्लॉक करा. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका, आणखी फोटो तर मुळीच पाठवू नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते.

भावाला रागाच्या भरात मारामारीला पाठवू नका. खानदानात चर्चा करू नका. कुणाला सांगायचे हे मुलीला विचारून ठरवा. शाळेत वर्गशिक्षिका किंवा मुख्याध्यापकांना भेटा. महाराष्ट्रातील शाळांत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती असणे अपेक्षित आहे, तिची चौकशी करा. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२ आणि मोबाईल-इंटरनेटवरील गुन्ह्यांसाठी १९३०. हे तीन आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पोलिसांत गेलो तर बदनामी होईल, ही भीती मोठी असते. अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्यात मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तिचे नाव, फोटो, शाळा, पत्ता छापायला वृत्तपत्रांना मनाई आहे.

त्रास देणारा नेहमी रस्त्यावरचाच असतो असे नाही. तो नात्यातला, शेजारचा, शिकवायला येणाराही असू शकतो. अशा वेळी मुलीला तर गप्प केले जाते, आणि त्या माणसाला मात्र ईदला शीरखुर्मा दिला जातो. मुलगी एखाद्या माणसाच्या घरी जायला नको म्हणत असेल, त्याला सलाम करायला टाळत असेल, तर तिला रागावू नका. एकांतात जवळ घेऊन विचारा आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा.

आणि दुसऱ्या दिवशी तिला शाळेत पाठवा. वाट बदला, वेळ बदला, सोबत बदला, काही दिवस स्वतः सोडायला जा. पण शाळा थांबवू नका. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा आपल्या लेकीला, हा न्याय नाही.

तिचे स्वतःचेच मन गुंतले असेल तर? या वयात आकर्षण वाटते, ते अल्लाहने माणसाच्या स्वभावात ठेवले आहे. त्याला मर्यादा आहेत, हे तिला शांतपणे आणि आईच्या मायेने सांगा. कोंडून ठेवणे, मारणे किंवा घाईने सोयरीक जुळवणे याने ती आणखी दूर जाते. पंधराव्या वर्षीची ओढ बहुधा ओसरते, पण तेव्हा सुटलेले शिक्षण सहसा पुन्हा सुरू होत नाही.

मुलग्यालाही शिकवा

सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आला आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. आपण ती दुसरी आयत मुलींना पाठ करून घेतो आणि पहिली मुलग्यांना सांगायची राहून जाते. दुसऱ्याची मुलगी ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्यावर आपला मुलगा कसा उभा असतो, हेही पाहा. घरात त्याला आपले ताट उचलू द्या, पाणी भरू द्या. प्रेषित (स.) घरकामात मदत करत, आपले कपडे स्वतः शिवत, हे हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. परीक्षेच्या काळात बहीण भांडी घासते आणि भाऊ अभ्यास करतो, हे आता थांबले पाहिजे.

दहावीनंतरची वाट

उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलीला अकरावीत एकदम इंग्रजी किंवा मराठी माध्यम मिळते. हुशार मुलीही पहिल्या तीन महिन्यांत गोंधळतात आणि घरी म्हणतात, "मला जमत नाही." पालकांना वाटते, हिलाच शिकायचे नाही. खरे तर तिची भाषा अडलेली असते. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत विज्ञान आणि गणितातले इंग्रजी शब्द रोज दहा लिहून काढले, मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले, तर ही अडचण बरीच कमी होते. पहिल्या चाचणीच्या गुणांवरून कॉलेज सोडण्याचा निर्णय घेऊ नका.

वाटा अनेक आहेत. अकरावी-बारावी आहे, आयटीआय आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. बारावीनंतर नर्सिंग, डी.एल.एड., फार्मसी आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला नसेल तर सवलत मिळत नाही. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहतात. त्यासाठी दादा किंवा परदादा ज्या शाळेत शिकले, तिथला जनरल रजिस्टरचा उतारा काढा. हे काम मुलगी नववीत असतानाच हाती घ्या. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांवर नावाचे स्पेलिंग सारखे आहे ना, तेही पाहा. एका अक्षराच्या फरकाने प्रवेश अडकलेला आम्ही पाहिला आहे.

मुलींनी शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या सोबतीने काम करणाऱ्या फातिमाची आठवण काढली आहे. ही फातिमा शेख मुलींना शिकवण्यासाठी त्या काळात घराबाहेर पडली होती.

निकाह: घाई नको, होकार हवा

२००६ च्या कायद्यानुसार मुलीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी करणे हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी सोळाव्या वर्षी ज्या शरीरात रक्त पुरेसे नाही, तिच्यावर बाळंतपण लादणे योग्य कसे?

निकाहला मुलीची संमती ही अटच आहे. हजरत खनसा बिन्त खिदाम (रजि.) यांचा विवाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो रद्द ठरवला. कुमारिकेचे मौन हाच होकार, असे आपण ऐकतो. ती सवलत लाजेसाठी आहे. भीतीने गप्प बसलेल्या मुलीचे मौन होकार धरता येत नाही. जिला चौदाव्या वर्षापासून घरात बोलू दिले, तीच त्या दिवशी हो किंवा नाही स्पष्ट म्हणू शकते. मेहरची रक्कम तिची स्वतःची असते आणि वडिलांच्या मालमत्तेत तिचा वाटा सूरह निसाने ठरवून दिला आहे, हेही तिला लग्नाआधी माहीत असावे.

आज रात्री एवढे करा

मुली ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. अमानत जपायची म्हणजे कुलपात ठेवायची नव्हे. तिला ताकद द्यायची, इल्म द्यायचा आणि पाठीशी उभे राहायचे.

यातले सगळे एकदम होणार नाही. आज इशाच्या नमाजनंतर मुलीला जवळ बसवा आणि आई-वडील दोघांनी मिळून एवढेच सांगा: "बेटा, तुला कुणीही, कसलाही त्रास दिला तर आधी आम्हाला सांग. आम्ही तुझ्यावर रागावणार नाही आणि तुझी शाळा बंद करणार नाही." मग ती सांगेल त्या दिवशी हा शब्द पाळा. आपली संतती आपल्या डोळ्यांना थंडावा देणारी असावी, ही दुआ कुरआननेच आपल्याला शिकवली आहे. आपल्या लेकींच्या बाबतीत अल्लाह ती कबूल करो. आमीन.